घरात बोंबील भाजताना दाराला ओला टॉवेल लावता?

"मॅडम, आमच्या घराला वास येतो का हो?" पावसाळा लागला की समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे डब्यातले सुके बोंबील, सोडे, जवळा बाहेर निघतात. पावसामुळे खिडक्या बंद. आणि टॉवरमध्ये एकेका मजल्यावर चार-चार दारं समोरासमोर.

वैशाली (नाव आणि तपशील बदलले आहेत) आली होती मुलीसाठी. सात वर्षांची पोर शाळेत निघताना युनिफॉर्मची बाही हुंगायची आणि दुसरा मागायची. घरची विचारपूस केली तेव्हा कळलं, की लालबागच्या चाळीत वाढलेली ही मालवणी बाई बोरिवलीच्या चौदाव्या मजल्यावर बोंबील भाजते ते रात्री अकरानंतर. दाराच्या फटीला ओला टॉवेल. मग कापूर, उदबत्ती, स्प्रे आणि डोक्यावरून आंघोळ.

"शेजारी काय म्हणाले?" मी विचारलं.

"नावं ठेवतात."

"त्यांचं वाक्य सांगा. जसंच्या तसं."

ती आठवत राहिली. "बोलून नाही दाखवत कुणी. पण कळतं ना, मॅडम."

"मग आजवर बोलून कुणी दाखवलंय?"

बराच वेळ ती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मी थांबले. अशा वेळी थांबता येणं हेच आमचं अर्धं काम, आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. मग तिने सांगितलं. पहिली नोकरी, पहिला आठवडा. एसी ऑफिसात तिने सुकटीचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "कोण आणतं असलं?" चार जण हसले. तिने डबा तसाच पिशवीत घातला आणि दिवसभर उपाशी राहिली. तेरा वर्षं झाली, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडी मी ऑफिसातलंच ते वाक्य घालतेय," ती स्वतःच म्हणाली. हे मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा टॉवेल भिजवला असता.

माझा कल पहिल्यापासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराकडे आहे. घडलं त्यापेक्षा, त्यावरून आपण स्वतःबद्दल काय ठरवून टाकलं, ते जास्त छळतं. डब्याला वास आला, इतकंच घडलं होतं. "मीच गावंढळ" हे वैशालीने पुढे जोडलं.

मुलांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. तान्ह्या मुलांना किळस ठाऊक नसते; कशाची किळस करायची हे ती मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकतात. किळसेचा अभ्यास करणारे पॉल रोझिन यांनी हे सविस्तर मांडलं आहे. वैशालीच्या लेकीला शाळेत कुणी काही म्हटलं नव्हतं. तिने घरातला टॉवेल पाहिला होता.

वास येतच नाही, असं मात्र मी कुणालाही सांगत नाही. येतो. माशातल्या ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या रसायनाचा तो वास. आंबटामुळे त्याचं उडणं कमी होतं, म्हणून आपलं कोकम कामाचं. एक्झॉस्ट तवा तापण्याआधी लावा, बेडरूमचं दार आणि कपाटं बंद ठेवा. आणि हुंगून खात्री करत बसू नका. आपलं नाक काही मिनिटांत सरावतं, त्याला विचारून उपयोग नाही.

लाज मोडायला एलिस लोकांना केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यातून ओढत न्यायला सांगत. मी वैशालीला एवढंच सांगितलं: रविवारी भर दुपारी बोंबील भाजा, आणि समोरच्या माळकरी काकूंना आधी जाऊन विचारा.

पुढच्या वेळी ती बसायच्या आधीच बोलू लागली. "काकू म्हणाल्या, वास येतो की! पहिल्यापासून येतो. मी खिडकी लावून घेते."

ज्या उत्तराला ती इतकी वर्षं घाबरली, तेच मिळालं होतं.

"मग?"

"मग काही नाही. म्हणाल्या, तेवढं एकादशीला करू नकोस गं." वैशालीला हसू आवरेना. "मॅडम, एकादशीला आमच्याकडे तरी कुठे करतात!"