दशांश आधी की कर्जाचा हप्ता?

प्रश्न : आम्ही पतिपत्नी दोघेही नोकरी करतो, तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हाती काही उरत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढत चालली आहे आणि आम्ही दरमहा फक्त किमान रक्कम भरतो. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी, आधी बाजूला काढावा असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की, कर्ज फिटेपर्यंत तो थांबवावा. यावरून घरात वारंवार वाद होतात. शिवाय अंदाजपत्रक करीत बसणे म्हणजे देवाच्या पुरवठ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे काय?
– एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम. तुमची शेवटची शंका आधी घेतो, कारण ती मनात असेपर्यंत हिशोबाची वही उघडलीच जाणार नाही. बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, असे प्रभू येशूने सांगितले (लूक 14:28). तो दाखला शिष्यत्वाविषयी असला, तरी हिशोब करणे हे शहाण्या माणसाचे स्वाभाविक काम आहे, असे तेथे गृहीत धरलेले आहे. मिसरच्या फारो राजाला तर देवानेच स्वप्नातून दुष्काळाची पूर्वसूचना दिली, योसेफाने तिचा अर्थ सांगितला, आणि त्या सूचनेवर विश्वास ठेवला म्हणूनच सुकाळाच्या 7 वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवण्यात आला (उत्पत्ती 41).

आता दशांशाविषयी. नियमशास्त्रातील दशांश पिकाचा आणि गुराढोरांचा होता, आणि दर तिसऱ्या वर्षाच्या दशांशात उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांबरोबर परके, अनाथ आणि विधवा यांचाही वाटा होता (अनुवाद 14). प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, खेद न मानता द्यावे, असे पौल लिहितो (2 करिंथ 9:7). दहावा भाग आजही बंधनकारक आहे की नाही, याविषयी विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत आणि तो वाद येथे मिटणार नाही. परंतु तुमच्या प्रसंगी मला 2 राजे 4 मधील विधवा आठवते. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला होता. देवाने तिच्या घरातले थोडेसे तेल चमत्काराने वाढवल्यावर अलीशा संदेष्ट्याने तिला तेल विकून आधी कर्ज फेडण्यास आणि उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करण्यास सांगितले. ज्या घरात तो पुरवठा देवाकडून आला, त्या घराला मिळालेली पहिली सूचना कर्ज फेडण्याची होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जे पैसे आपण दुसऱ्याला देणे लागतो, ते खऱ्या अर्थाने आपले नसतात.

म्हणून यजमानांचे म्हणणे बरेचसे योग्य आहे. मात्र देणे पूर्णपणे थांबवावे, असे मी म्हणणार नाही. दोघांनी मिळून, प्रार्थनापूर्वक, झेपेल असा लहान पण ठरलेला भाग निश्चित करावा, पगार होताच तो वेगळा काढावा, आणि कर्ज उतरेल तसतसा तो वाढवावा. आपल्या पाळकांशीही मोकळेपणाने बोला.

कार्डाची बाब मात्र तातडीची आहे. दरमहा 3 टक्के व्याज ऐकायला थोडे वाटते, पण थकबाकीवर चक्रवाढीने ते वर्षाला 42 टक्क्यांहून अधिक होते. किमान रक्कम भरल्याने केवळ विलंबशुल्क टळते; मुद्दल जवळजवळ तसेच राहते. आजपासून कार्डावर नवी खरेदी करू नका. एक महिना दोघांचाही प्रत्येक खर्च एकाच वहीत लिहा, एकमेकांपासून काहीही न लपवता. या टप्प्यावर दोष देऊ नका, फक्त लिहा. विम्याचा हप्ता, मुलांची फी, दुरुस्ती असे वर्षातून एकदा येणारे खर्च एकत्र करून त्यांचा बारावा भाग दरमहा बाजूला ठेवा. बऱ्याच घरांत अंदाजपत्रक कोसळते ते याच खर्चांमुळे, आणि त्यासाठीच पुन्हा कार्ड वापरले जाते. एका महिन्याच्या आवश्यक खर्चाइतकी शिल्लक जमवून मग सर्वाधिक व्याजाचे कर्ज आधी फेडा. कर्जमुक्तीनंतर ती शिल्लक 3 ते 6 महिन्यांच्या खर्चापर्यंत न्यावी.

प्रश्न : मंडळीतील एका बंधूने कर्जासाठी मला जामीन राहण्याची विनंती केली आहे. नकार देणे प्रीतीच्या विरुद्ध ठरेल काय?
– एक वाचक

उत्तर : ठरणार नाही. जामिनाच्या पाशात सापडलेल्याने झोपही न घेता स्वतःची सुटका करून घ्यावी, असे नीतिसूत्रे 6 मध्ये सांगितले आहे, आणि 22:27 मध्ये तर अंगाखालचे अंथरूण जाण्याचा इशारा आहे. कर्जदाराने हप्ते थकवले, तर वसुली जामीनदाराकडून होऊ शकते. म्हणून संपूर्ण रक्कम स्वतः भरण्याची तयारी आणि पत्नीची संमती असल्याशिवाय सही करू नका. बंधूची गरज खरी असेल, तर परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता देता येईल तेवढी रक्कम त्यांना द्या, आणि त्यांच्या उत्पन्नाचा व देण्यांचा हिशोब मांडण्यासाठी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा.