गॅरेजमध्ये काम करूनच शिकता येतं, मग ऑटो टेक्निशियनच्या कोर्सवर दोन वर्षं कशाला घालवायची?

तुम्ही विचारलंय की पंचविशी उलटल्यावर हा कोर्स करावा का, आणि करायचा तर कॉलेज कसं निवडायचं. तुमच्या ओळखीचे मिस्त्री तर म्हणाले की, "पुस्तक वाचून बोल्ट सुटत नाही." माझ्या सख्ख्या मामाचं गॅरेज आहे आणि हे त्याचं लाडकं वाक्य, त्यामुळे उत्तर लिहिल्यावाचून राहवलं नाही.

कोर्स करा. का, ते सांगतो.

मी हाच कोर्स करत होतो तेव्हा पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मामाच्या हाताखाली होतो. एक गाडी आली, म्हणजे खरं तर परत आली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, पण जरा फिरवून बंद केली की सेल्फ जड. घुर्र, घुर्र, आणि ठप्प. मामाने आधी बॅटरी बदलली होती. गाडी परत आली तेव्हा स्टार्टर नवा बसवला. तरी ती परत आलीच, आणि आता गिऱ्हाईक तापलेलं. मामाचा निकाल तयार होता: "नवा पीसच खराब निघाला, दुसरा मागवू."

मी म्हटलं, मागवायच्या आधी मीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं मल्टिमीटर) लावू दे. गॅरेजमधली पोरं हसली. मामाही हसला, पण लाव म्हणाला.

गाडी तापवली आणि एकाला सेल्फ मारायला बसवलं. बॅटरीच्या टोकांवर सेल्फ मारताना 11 व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. तेच स्टार्टरच्या बोल्टवर आणि त्याच्या बॉडीवर पाहिलं तर जेमतेम 8.9. वाटेत दोन व्होल्टच्या वर गायब. पॉझिटिव्ह केबलवर ड्रॉप, म्हणजे वाटेत खर्ची पडणारं व्होल्टेज, 0.2, त्यात काही वावगं नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावली. 1.9! निगेटिव्हपासून गाडीच्या बॉडीपर्यंत तर व्होल्टेज जराही कमी होत नव्हतं. म्हणजे राहिली ती बॉडीपासून इंजिनपर्यंतची अर्थची पट्टी.

मामा म्हणाला, "ती मी तपासलीय. बझर वाजतो."

बझर वाजणारच होता. मीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का ते बझर वाजवून सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवलं की त्यातून काही मिलिअँपिअरच करंट जातो. पट्टीतली एक तार शाबूत असली तरी तेवढ्याला ती पुरते आणि बझर खुशाल वाजतो. स्टार्टर मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. 150 अँपिअरच्या वाटेत नुसता 0.01 ओहम रोध असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातात, आणि साधं मीटर 0.01 ओहम धड दाखवतही नाही. म्हणून अशी तार लोड असताना, व्होल्टेज ड्रॉप बघूनच तपासायची. ओहमचा नियम 1827 सालचा आहे, यात नवं काही नाही.

पट्टी काढली तर लगच्या (टोकाला बोल्टखाली बसणाऱ्या कडीच्या) आत हिरवी भुकटी. नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडला. ड्रॉप 0.1 च्या खाली आला आणि गाडी तापलेली असतानाही सेल्फ झटक्यात. आधी काढलेली बॅटरी आणि जुना स्टार्टर कोपऱ्यात पडले होते. दोन्ही चांगले, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्यांचे पैसे गिऱ्हाइकाने भरलेले.

मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "नशीब लागलं पोराचं."

तो वाद अजून चालू आहे. नशीब कसलं? कॉलेजमधले आमचे एक सर चालू गाडीत मुद्दाम खोडी करून ठेवायचे. कुठे लगखाली वार्निशचा थेंब, कुठे फ्यूजच्या पायात अर्धवट संपर्क. आणि सांगायचे, फॉल्ट सापडेपर्यंत जो पाना उचलेल तो नापास. आधी वायरिंगचा नकाशा, मग मीटर, मग कागदावर लिहायचं की दोष कुठल्या दोन बिंदूंमध्ये आहे. आम्ही वैतागायचो. पण पार्ट बदलत बसणं आणि दोष शोधणं यातला फरक तिथे हाडात मुरला. गॅरेजमध्ये हे शिकायला मनाई नाही, पण दारात गाड्यांची रांग असताना हाताखालच्या पोराला थांबून विचार करू देतंय कोण?

गाड्या जितक्या नव्या तितकं हे जास्त लागू. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर आता ज्याच्या त्याच्याकडे आहे. त्यावर पी0171 हा कोड आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. तो कोड फक्त एवढंच म्हणतो की त्या बँकेत (इंजिनच्या सिलिंडरांच्या त्या रांगेत) मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इनटेकला हवा गळत असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पेट्रोलचं प्रेशर कमी असेल. ऑक्सिजन सेन्सर बिचारा बहुधा खरंच बोलत असतो. तसंच कॅन बसचं, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनचं. बॉशने ती 1986 मध्ये जगापुढे आणली. लाइनच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर असतात, त्यामुळे बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्याच्या) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये साधारण 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले तर एक टोक तुटलंय. (काही गाड्यांत सॉकेट आणि लाइन यांच्या मध्ये गेटवे नावाचा वेगळा मॉड्यूल असतो, तिथे हे असं थेट दिसत नाही.) ज्याला हे ठाऊक आहे त्याचं काम मिनिटांत होतं, नाहीतर आख्खा डॅशबोर्ड खोलून बसतात.

कॉलेज कसं निवडायचं, हा तुमचा खरा प्रश्न होता. इमारत आणि प्रॉस्पेक्टस बघू नका, वर्कशॉप बघा. रंग दिलेली, कापून ठेवलेली इंजिनं शोभेला सगळीकडे असतात. सुरू होणाऱ्या गाड्या किती, एका गाडीवर मुलं किती, ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) कपाटात आहे की टेबलावर, हे विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, की सरांनी मुद्दाम बिघडवलेली गाडी तू कधी शोधलीस का? तो गोंधळला तर पुढचं कॉलेज बघा. निव्वळ सर्टिफिकेटसाठी फळ्यावर कार्ब्युरेटर काढून घेणारी कॉलेजंही आहेत, त्यांच्यापेक्षा मामाचं गॅरेज शंभर पटींनी बरं.

आता मामाच्या बाजूचंही सांगायला हवं. गंजलेला एक्झॉस्टचा स्टड न तुटता कसा काढायचा, नट कुठवर तापवायचा, हाताला 'आता तुटणार' असं कधी जाणवतं, हे मला एकाही सरांनी शिकवलं नाही. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून कुठलं बेअरिंग बोलतंय ते तो सांगतो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. कोर्स संपवून बाहेर पडलो तेव्हा माझा वेग त्याच्या हेल्परपेक्षाही कमी होता. म्हणून कोर्स चालू असतानाच सुट्टीच्या दिवशी कुठेतरी हाताखाली काम करा. (मामाने मध्यंतरी तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेतलाय. माझ्यामुळे नाही, असं तो स्वतःहून सांगतो.)

पंचविशी उलटली म्हणून घाबरताय, ते सोडा. आमच्या वर्गात माझ्याहून बरीच मोठी माणसं होती आणि ती जास्त प्रश्न विचारायची.

एक राहिलं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळायचं मनात असेल तर कोर्सशिवाय हात लावू नका. नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वाट तोडणारा प्लग) काढल्यावरही इन्व्हर्टरमधले, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातले, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं लागतात. किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेवढं थांबायचं, 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे हवा भरून भोक नाही ना ते बघायचे, घालायचे, आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच पाना लावायचा. असल्या गाडीवर नव्या पोराला नुसतं "जा, उघड" म्हणणारा मालक भेटला तर दुसरं गॅरेज बघा.