बारावी सायन्सनंतर संस्कृत : पुरावा कुठून आणणार?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला ८४ टक्के मिळवून पास झाली. आता म्हणते, संस्कृत घेऊन बीए करायचं आणि जुन्या ग्रंथांवर संशोधन करायचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टबद्दल शंका आली तर आम्ही सॅम्पल पुन्हा लावतो. या विषयांत पुरावा कसला? ज्याचा आवाज मोठा तो खरा, असंच दिसतं. तिची हुशारी वाया तर जाणार नाही ना?
– एक पालक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

नोकरीचं नंतर बोलू. तुमचा खरा आक्षेप पुराव्यावर आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा इतिहास वाचून कुणालाही तसंच वाटेल. पण मुलीला जे काम करायचंय ते प्रत्यक्षात कसं चालतं, हे पुण्यातल्याच एका उदाहरणावरून सांगते.

महाभारताच्या हस्तलिखित पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत सापडतात. शारदा, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (ही दक्षिणेतली एक लिपी), मल्याळम अशा कितीतरी लिप्यांत. आणि त्यांचा पाठ, म्हणजे शब्दशः मजकूर, एकसारखा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पुराव्यानिशी पाठ ठरवलेली आवृत्ती, काढायचं काम हाती घेतलं, ते १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकून मग संस्कृतकडे वळले होते, म्हणजे तुमची मुलगी काही जगावेगळं करत नाहीये.

काम कसं चालायचं ते बघा. मोठ्या तक्त्यावर वरच्या ओळीत श्लोक एकेक अक्षर सुटं करून लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. ज्या अक्षराशी फरक असेल, त्याच्याच खाली तो नोंदवायचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा: इथे पान फाटलंय, इथे मजकूर समासात नंतर घातलाय. एका श्लोकासाठी एवढा खटाटोप, आणि असे हजारो श्लोक.

मग निवाडा. इथे मतमोजणी चालत नाही. एकाच मूळ प्रतीवरून नकललेल्या चाळीस पोथ्या चाळीस साक्षीदार ठरत नाहीत, एकच ठरतो. उलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी एकमेकींपासून इतक्या दूर वाढल्या, की दोघींत तोच शब्द आला आणि मधल्या काळात एकीने दुसरीकडून घेतल्याची खूण नसली, तर तो शब्द जुना धरायचा. तुमच्याकडे एकाच मशीनवर दहा वेळा आलेल्या रीडिंगपेक्षा दोन वेगळ्या लॅबचे जुळणारे रिपोर्ट वजनदार असतात, तसंच.

हा नियम आवडत्या गोष्टींनाही चुकत नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण कित्येक महत्त्वाच्या पोथ्यांत ती नाहीच. सुकथनकरांनी ती मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. नकलकार श्रद्धेपोटी कथा भरतो, पण असलेली अशी कथा गाळायला सहसा धजत नाही, हा त्यामागचा तर्क. परिशिष्टात ती शाबूत आहे, ज्याला पटत नाही त्याने वाद घालावा.

आता तुमचं ‘पुन्हा सॅम्पल लावणं’. आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला. त्यानंतर नेपाळमधली एक फार जुनी पोथी सुकथनकरांच्या हाती आली. पाठ ठरवताना ती वापरलेलीच नव्हती. ताडून पाहिल्यावर त्यांनी ठरवलेल्या पाठाला तिच्यातून मोठा दुजोरा मिळाला. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सर्वांत रोमहर्षक घटना हीच.

आणि जिथे खात्री कमी, तिथे छापील पाठाखाली नागमोडी रेघ आहे. हा व्यासांचा मूळ शब्द, असा दावा या आवृत्तीने केलेलाच नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जिथवर मागे जाता येतं तिथवरचाच हा पाठ. टाकून दिलेले पाठभेदही खाली छापलेत, म्हणजे संपादकाची चूक काढायचं साहित्य त्यानेच वाचकाच्या हाती दिलंय.

तेव्हा हुशारी वाया जाण्याची भीती सोडा. चिकाटी आहे का, ते मात्र तपासा. सुट्टीत तिला तुकोबांच्या गाथेच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या आणून द्या. वीस अभंग समोरासमोर ठेवून फरक टिपायला सांगा आणि प्रत्येक फरकापुढे कोणता पाठ जुना वाटतो व का, ते लिहू द्या. दोन दिवसांत कंटाळली, तर नुसती संस्कृतची आवड आहे असं समजा. तीही चांगलीच, पण संशोधन वेगळं.

आता पोटापाण्याचं. गोड बोलून उपयोग नाही. कॉलेजात कायम जागा कमी निघतात, तासिका तत्त्वावर वर्षं काढणारे नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेले प्राध्यापक तुम्हाला बार्शीतही भेटतील. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची वर्षं निभतात. शिवाय हस्तलिखितं व अभिलेखागारं, कोशाचं काम, प्रकाशन, पोथ्यांचं डिजिटायझेशन हे रस्ते आहेत, अरुंद असले तरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश १९४८ पासून चालू आहे, एकदा तिला घेऊन बघून या.

बीएचा फॉर्म भरताना कॉलेज देत असेल तर संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर मायनरला, म्हणजे दुय्यम विषय म्हणून, घ्यायला सांगा. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून नकलली, ही पोथ्यांची वंशावळ आता सॉफ्टवेअरनेही मांडतात, तिथे सायन्सची मुलगी पुढे राहील. मोडी पहिल्याच वर्षी शिकू दे, जर्मन दुसऱ्या वर्षी. आणि फी भरण्याआधी त्या विभागात संस्कृतचे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, ते स्वतः जाऊन विचारा.