खजूर भिजवू नका, आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका

ताई, तुमच्या दोन्ही अडचणी वाचल्या. ओट्स, खजूर, शेंगदाण्याच्या न भाजता केलेल्या कुकीज तिसऱ्या दिवशी चिकट होऊन आंबूस वास मारतात, ही एक. आणि घरून विकायच्या म्हणून अन्नपदार्थ विक्रीच्या नोंदणीचा फॉर्म भरायला गेलात तर 'आधी भट्टीचे कागद आणा' म्हणून काउंटरवरून परत पाठवलं, ही दुसरी. ते वाचून पोटात कालवलं, कारण अगदी हेच शब्द मी ऐकलेत. त्यावर येतेच. पण माल टिकत नसेल तर नोंदणी घेऊन काय करायचं, म्हणून आधी कुकीज.

साचे, बटर पेपर, थापणं हे तुम्हाला येतंय असं धरते. तुम्ही खजूर गरम पाण्यात भिजवून दूध आणि मध घालून वाटता, तिथेच सगळं बिघडतंय. भाजायच्या बिस्किटातलं पाणी ओव्हनमध्ये उडून जातं. इथे ओव्हनच नाही, म्हणजे घातलेला प्रत्येक थेंब आतच राहणार. वास आणि बुरशी त्यातूनच येते. पाणी, दूध, केळं, फळाचा गर, काहीही नको.

बिया काढलेला, दाबून पॅक केलेला कोरडा काळा खजूर घ्या. कीमिया नुसता खायला छान, पण ओलसर असतो, यात नको. २०० ग्रॅम खजूर बारीक चिरून जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तुपावर मंद आचेवर टाका आणि उलथन्याने दाबत राहा. आधी तुकडे सुटे सुटे राहतात, मग कडेने चकाकी येते आणि एकदम गोळा कढई सोडतो. तेवढंच. पुढे परतलात तर गार झाल्यावर दाताला चिवट लागेल.

शेंगदाणे १५० ग्रॅम, मंद आचेवर आतपर्यंत भाजलेले. मिक्सरमधून कोरडा कूट काढू नका. आपली शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटतात, तसं कुटा. ते तेल आणि खजूर मिळून कुकी धरून ठेवतात, वरून काही घालावं लागत नाही. ओट्स १०० ग्रॅम, कोरडे भाजून. मी स्वतः निम्मे ओट्स काढून ज्वारीच्या लाह्या भरडून घालते. स्वस्त पडतात आणि चावायला मजा येते. ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर खमंग भाजूनच, कारण पुढे ते कुठेही शिजणार नाही. चिमूटभर मीठ आणि सुंठ विसरू नका.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरलंत तर झाकणाच्या आतून दव धरतं आणि तेच पाणी परत कुकीवर पडतं. जवस घालत असाल तर त्या दिवशी लागेल तेवढंच दळा, दळलेलं जवस लवकर खवट होतं.

व्हिडिओत खोबरेल तेल घालून 'सेट' करतात, ते सोलापुरात विसरा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या वर पातळच असतं आणि चांगलं चॉकलेट ३४ च्या आसपास वितळतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. चॉकलेटचा थर फक्त थंडीत द्या. माझ्याकडे साध्या कुकीज थंडीत डब्यात आठवडाभर चांगल्या राहतात, उन्हाळ्यात मी फ्रीजबाहेर ठेवतच नाही. तुमच्या घरात ओल किती, ऊन किती, यावर फरक पडेल, म्हणून थोडा माल करून आधी बघा.

आता ती कचेरी. नाव घेत नाही. तिच्या दारातच फॉर्म भरून देणारं केंद्र होतं, तिथल्या माणसाने 'कुकीज' ऐकलं आणि ठरवून टाकलं की ही बेकरी. भट्टी कुठे, नकाशा कुठे, विजेचा लोड किती. मी सांगत होते की भट्टी नाही, ओव्हन नाही, कढई आणि खलबत्ता आहे. तो ऐकूनच घेत नव्हता. दर वेळी नवा कागद, दर वेळी 'साहेब बाहेर गेलेत', आणि 'तुमचं काम प्रोसेसमध्ये आहे'. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या. एका दुकानदाराने लेबलवर नोंदणीचा नंबर नाही म्हणून माल ठेवून घेतला नाही, आणि अख्खा हंगाम हातचा गेला. शेवटी भाच्याने विचारलं, 'मावशी, अर्ज क्रमांक दाखव.' क्रमांकच नव्हता. अर्ज दाखलच केलेला नव्हता! त्याचा राग मला अजून येतो. घरात कष्ट करून चार पैसे मिळवणाऱ्या बाईचे महिने असे कोणीही वाया घालवावेत का?

भाच्याने घरी बसून फॉसकॉसच्या, म्हणजे अन्नपदार्थांची सरकारी नोंदणी होते त्या संकेतस्थळावर अर्ज भरला. पदार्थ काय आहे, कशाचा, कसा करतो, ते सरळ लिहिलं. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरायची आणि फी वर्षाला १०० रुपये होती. नियम बदलत असतात, तेव्हा आजचे आकडे संकेतस्थळावरच बघा, माझ्यावर विसंबू नका. पण एक गोष्ट पक्की धरा: अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत मंजुरी, कारणासह नकार किंवा तपासणीची नोटीस, यातलं काहीतरी द्यायचं असतं. हे दिवस मोजायचे तर तारखेसह अर्ज क्रमांक हातात हवा. केंद्रात भरलात तरी लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरवरच करायला लावा.

अजून एक, जरा कडक बोलते. पाकिटावर 'शुगर फ्री' लिहायचा विचार तुम्ही मांडलाय, तो सोडून द्या. खजुराच्या वजनात दोन तृतीयांश तरी साखरच असते, ती नैसर्गिक असली तरी मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात जायचीच. मी डॉक्टर नाही, पण माझ्या सासूबाईंना मी अर्धीच कुकी देते आणि तीही जेवणानंतर. शेंगदाणे आहेत हे मात्र लेबलवर ठळक लिहा, काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काही देऊ नका.

मोठा माल पहिल्यांदा करायचा असेल तर आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस धरा. जानेवारीतली हवा कोरडी आणि गार असते. आज मात्र आधी तुम्हाला परत पाठवलं त्या काउंटरवर फोन करून अर्ज क्रमांक मागा.