कवडीचं शास्त्रीय नाव सायप्रिया मोनेटा की मोनेटारिया मोनेटा? हे दोन वेगळे प्राणी आहेत का? परीक्षेत काय लिहावं?

प्राणी एकच. नाव मोनेटारिया. या शब्दापायी माझे दोन मार्क गेलेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगच्या (नमुना बघून ओळखायच्या) ट्रेमध्ये कवडी होती. माझी आजी तुळजापूरच्या आईची आराधी. तिच्या गळ्यातल्या माळेतल्या कवड्या मी लहानपणापासून निवडत बसायचो: पाठीवर नारिंगी कडं असलेल्या एकीकडे, पिवळ्या, ओबडधोबड कोपऱ्यांच्या दुसरीकडे. पिवळी ती मोनेटा, कड्याची ती अ‍ॅन्युलस. ट्रेमधल्या कवडीला ठसठशीत कडं होतं. मी मोनेटारिया अ‍ॅन्युलस लिहिलं. शून्य. बाहेरून आलेल्या सरांचं उत्तर: सायप्रिया मोनेटा. म्हणजे प्रजातीही (जीनस) चूक आणि जातीही (स्पीशीज)! व्हायव्हाला म्हटलं, "सर, कडं बघा ना." म्हणाले, "जर्नलमध्ये आहे तेच लिहायचं."

आता जर्नलात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, ते कुठून आलं? शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनेअसने १७५८ साली झाडून सगळ्या कवड्या सायप्रियात कोंबल्या. पुढे त्यांची फोड होत गेली. मोनेटारिया ही प्रजाती ट्रॉशेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६३ साली वेगळी केली. काल-परवाचं फॅड नाही हे. सायप्रियात आज जिवंत जाती उरल्यात दोनच, ठिपक्यांची मोठी टायग्रिस आणि तिची बहीण पँथेरिना. उलट दुसऱ्याच प्रजातीत मोडणारी कापुटसर्पेंटिस ही कवडी डीएनए तपासल्यावर मोनेटारियात आली. घर बदललं की खूणही राहते: मोनेटारिया मोनेटा (लिनेअस, १७५८). तो कंस म्हणजे लिनेअसने जातीला नाव दिलं तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती. कंस गाळणाऱ्याने वर्गीकरण शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत.

हां, झिजलेल्या कवडीचं कडं पुसट होतं, आणि मोनेटावरही कधीकधी फिकट रेघ दिसते. तेव्हा माझ्यासारखं छातीठोक बोलण्याआधी दोन-चार नग शेजारी ठेवून बघा. परीक्षेचं म्हणाल तर पेपर कोण तपासतंय त्यावर आहे. मार्क हवेत तर जुनं लिहा. मी आजही लिहिणार नाही.

ती कवडी बहुधा अजून त्याच ट्रेमध्ये असेल. तुमच्या लॅबमध्ये कवडी असेल तर जरा पालथी करून पाठ बघा, आणि लेबलवर काय लिहिलंय ते खाली कळवा.