तीन बाजू दिल्या असतील तर त्रिकोण काटकोन आहे का हे कसं ओळखायचं? त्रिकुटं पाठच करावी लागतात का?

पाठ करू नका. सगळ्यात मोठ्या बाजूचा वर्ग करा. उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तेवढीच आली, तर मोठ्या बाजूसमोरचा कोन काटकोन. झालं. पोरं ३-४-५ आणि ५-१२-१३ घोकून जातात आणि पेपरात २, २.१, २.९ दिसलं की 'नाही' लिहून मोकळी होतात. ४ अधिक ४.४१ म्हणजे ८.४१, आणि २.९ चा वर्गही तेवढाच. आहे की काटकोन!

उत्तर खरं तर इथंच संपायचं होतं. पण प्रश्नाखाली तुम्ही 'दहावीनंतर याचा कुणाला काय उपयोग?' असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

माझे वडील लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले गवंडी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडं तेव्हा माळवदाची घरं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकूड आणि पांढरी माती. कोपरा थोडा तिरका गेला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्या जागी बसवली, तेव्हा अण्णा पाया आखायच्या कामावर लागले आणि तिथून पुढं जन्मभर आखणीच करत राहिले. कोपऱ्यावर खुंटी, एका दोरीवर ६ फुटांवर खूण, दुसरीवर ८ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप. १० फूट भरले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. कमी भरले तर कोन मिटलाय, दोरी बाहेर सरकवा. जास्त भरले तर उघडा पडलाय, आत घ्या. तुमच्या पुस्तकातले लघुकोन आणि विशालकोन ते हेच. यात कोन मोजायला कुणी जातच नाही, नुसत्या लांब्या मोजायच्या.

आमच्या दाजींनी लातूरला ३० बाय ४० चा प्लॉट घेतला. दाजी पॉलिटेक्निकवाले. अण्णा दोरी घेऊन उभे, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, ही जुनी पद्धत झाली. गुण्या लावा आणि चुन्याची फक्की मारा, दहा मिनिटांचं काम आहे." अण्णांनी एवढंच सांगितलं की प्लॉट तीस-चाळीसचा आहे, कर्णावर टेप धरा, ५० यायला पाहिजेत, मग आपण बांधकामाचं बघू. जावयाला ते अपमानासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वेगळा ठेकेदार आला.

आता दोन फुटी गुण्याचा, म्हणजे गवंड्याच्या काटकोनी पट्टीचा, हिशोब बघा. दोरीला लावून बघताना तीन सूत फरक डोळ्याला कळत नाही (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तोच फरक १६ फुटांवर आठपट होतो, म्हणजे २४ सूत, पुरे तीन इंच. भिंती चढल्या, गिलावा झाला, तोवर कुणाला काही कळलं नाही. टाईल्स बसवायला घेतल्या आणि हॉलमध्ये भिंतीच्या कडेला पाचर निघाली. एका टोकाला अख्खी टाईल, दुसऱ्या टोकाला तीन इंच कापलेली. दाजी टाईल्सवाल्यावर घसरले, म्हणे माल वाकडा दिलाय. मी गुपचूप ६-८ च्या खुणा करून टेप धरला, १० फूट १ इंच भरलं. सहा-आठ-दहात एक इंच चुकला की कोन साधारण एक अंशानं हलतो, आणि एक अंश १६ फुटांत तीन इंचांहून थोडा जास्तच खातो. टाईल्सवाला बिचारा सरळ होता.

अण्णा काही बोलले नाहीत. मी बोललो, म्हणून दाजींचं आणि माझं अजून धड नाही.

असो. परीक्षेचं राहिलं. आकडे मोठे असले तर तिन्ही वर्ग करत बसू नका. २०, ९९, १०१ घ्या. मोठ्या दोघांची वजाबाकी २, बेरीज २००, या दोन उत्तरांचा गुणाकार ४००, आणि तोच २० चा वर्ग. बाजू उलटसुलट क्रमानं देतात, तेव्हा मोठी कोणती ते आधी बघा. आणि कारणात 'पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास' असं लिहा, नुसतं 'पायथागोरस' नको. व्यत्यास म्हणजे उलटं विधान. मूळ प्रमेय काटकोनापासून सुरू होतं, तुम्हाला तर काटकोन आहे हेच सिद्ध करायचंय.

कुणी घर आखणार असेल तर कापडी टेप नको, ताणला की वाढतो. जागा असेल तर ६-८-१० ऐवजी १२-१६-२० घ्या, त्रिकोण मोठा तेवढी चूक कमी.

दाजींचं म्हणणं अजून हेच की हॉलचे दोन्ही कर्ण सारखे भरले होते, म्हणजे हॉल काटकोनातच होता. दाजी, वाचत असाल तर ऐका. पुढची भिंत १२ फूट आणि मागची साडेबारा असली तरी कर्ण सारखे येऊ शकतात. कर्ण सारखे आणि कोपरा मात्र १० फूट १ इंच, याचा अर्थ समोरासमोरच्या भिंतीच सारख्या नाहीत. चारही भिंती मोजून आकडे पाठवा, मग बोलू.