गच्चीवरच्या शेतीनं शहराचं काय भलं होणार?

गच्चीत-बाल्कनीत भाजी लावून शहर खरंच शाश्वत होतं, की ही नुसती हौस, असं तुम्ही विचारलंय. मी डोंबिवलीत सोसायटीच्या गच्चीवर भाजी लावतो. तेव्हा हौस तर आहेच.

शहराचं पोट भरायचं म्हणाल तर विसरा. गहू, तांदूळ, कांदा-बटाटा काही गच्चीवर होत नाही, त्याला वाशीचं मार्केटच लागणार. आमच्याकडे पालेभाज्या, मिरच्या, कढीपत्ता आणि पावसाळ्यात दोडकी निघतात.

खरा फायदा कचऱ्यात आहे. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो आणि तो गाडीत भरून डंपिंगवर नेऊन सडवायचा, ही आपली पद्धत. मुंबईचं देवनारचं डंपिंग ग्राउंड 1927 पासून हेच सोसतंय. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा अख्ख्या शहराच्या नाकातोंडात धूर गेला. आम्ही तोच कचरा वापरतो. भाजीच्या जुन्या क्रेटला आतून शेडनेट (सावलीची जाळी) लावायचं, तळाला नारळाच्या शेंड्या, वर वीतभर सुका पाला, मग बारीक चिरलेली सालं-देठं, मूठभर शेणखत, परत पाला. माती अगदी वरवर, कारण भिजलेली माती भयंकर जड होते. क्रेट विटांवर ठेवायचे, खालून पाणी वाहतं राहिलं पाहिजे. (गच्ची कुठूनही गळो, कमिटीचा पहिला संशय आमच्यावरच!)

पण गच्ची म्हणजे किरकोळ काम. मोठं काम बघायचं तर कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळ जागा बघा. सुमारे 12,500 हेक्टर, 2002 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तलावांत सोडतात. ऊन आणि शेवाळ मिळून ते पाणी बरंचसं निवळतं, त्यावर रोहू-कटला मासे वाढतात, निवळलेलं पाणी पुढे भातशेतीला जातं. मच्छीमारांनी अनुभवातून बसवलेली ही व्यवस्था ध्रुबज्योती घोष या सरकारी इंजिनिअरनं जगासमोर आणली. शहराला एवढं पाणी यंत्रांनी साफ करायचं तर खर्च किती येईल, हिशोब करा. तरी बिल्डरांचा डोळा त्या जमिनीवर आहेच.

याच्या उलट मुंबईत लोकलच्या खिडकीतून दिसणारे रुळांकडेचे पालक-मुळ्याचे वाफे. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत रेल्वेनं आपल्याच कर्मचाऱ्यांना या जागा लागवडीला दिल्या. कल्पना उत्तम होती, पण पाणी कित्येक ठिकाणी थेट नाल्यातलं. कोलकात्याचं पाणी आधी उन्हात मुरतं, इथलं पंपानं उचलून सरळ पानांवर. कारखान्याचं सांडपाणी त्यात मिसळलं असेल तर जड धातूही भाजीत उतरतात आणि ते धुऊन जात नाहीत. म्हणून शहरी शेती म्हटलं की पाणी कुठलं, हे मी आधी विचारतो.

अळू तर नाल्याच्या पाण्यावर नुसतं फोफावतं, म्हणून ते घरचंच बरं. तुम्ही सुरुवात करणार असाल तर कुणाकडून तरी वडीच्या अळूचा कंद मागून आणा आणि पहिला क्रेट त्याचाच लावा.